ओझर ते जळगाव : आकाशातले अंतर आणि रस्त्यावरचे अंतर

मालेगावच्या व्यापाऱ्याला आता दोन बाजूंना दोन विमानतळ आहेत. पश्चिमेला नाशिकचे ओझर, पूर्वेला जळगाव. ओझरची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्याची. प्रवाशांसाठी नवी इमारत 2014 साली झाली. जळगावचा विमानतळ 2012 साली सुरू झाला. 2016 साली 'उडान' योजना जाहीर झाली. त्यात तासाभराच्या प्रवासाच्या काही जागांसाठी 2500 रुपये भाडे ठरले आणि लहान व्यापारीही विमानाचा हिशेब करू लागला.

या हिशेबात आम्ही एकदा चुकलो, ते सांगणे जरूर आहे.

दक्षिणेकडचे एक खरेदीदार साड्यांचे नमुने पाहायला येणार होते. त्यांनी फोनवर विचारले, उतरू कुठे? आम्ही बेफिकिरीने सांगितले, "कुठेही उतरा, मालेगाव दोन्हींच्या मध्येच आहे." ते गुरुवारी जळगावला उतरले. धुळ्यावरून गाडीने पोहोचेपर्यंत रात्र झाली, गाळे बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी जुमा, म्हणजे मालेगावचे माग बंद. त्यांना थांबायला सवड नव्हती. ते परत गेले आणि ऑर्डरही गेली. कसूर त्यांचा नव्हे, आमचा.

नंतर आम्ही नकाशा घेऊन बसलो. ओझर ते जळगाव सरळ रेषेत सुमारे 200 किलोमीटर. विमानवाले सागरी मैलात मोजतात, त्यांच्या भाषेत सुमारे 109 मैल. रस्त्याने मालेगाव, धुळे करीत जावे तर सुमारे 235 किलोमीटर. मालेगाव या वाटेवर आहे खरे, पण मध्यावर नाही. ओझर 85 ते 90 किलोमीटर, जळगाव सुमारे 145. फरक तासाभराहून जास्त.

आकाशातले अंतरही फसवे असते. सरळ विमान नसेल आणि मुंबईवरून जावे लागले, तर जळगाव-मुंबई सुमारे 355 आणि मुंबई-ओझर सुमारे 158, म्हणजे 200 चे 500 हून अधिक किलोमीटर झाले. त्यात विमानतळावर आधी पोहोचणे आणि मुंबईत पुढच्या विमानाची वाट पाहणे आलेच. एवढ्या वेळात मोटार पोहोचून चहा झालेला असतो. नाशिकरोड ते जळगाव रेल्वेनेही सुमारे 230 किलोमीटरच आहे.

आमच्या बुजुर्गांना हे ठाऊक होते. सफरीत नमाज कसर करायची की पूर्ण, हे ठरवताना हनफी फिकहमध्ये माणूस ज्या वाटेने जातो तिचे अंतर धरतात. दोन वाटा असल्या तर ज्या वाटेने तो निघाला ती. धंद्यालाही हाच कायदा लावावा.

म्हणून व्यापारी बंधूंना अर्ज आहे : पाहुण्याला बोलावण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या. विमान थेट आहे काय? उतरल्यावर रस्ता किती तासांचा? आणि पोहोचण्याच्या दिवशी माग चालू आहेत काय? फोनवरचा एक मिनिट वाचवला, तो आम्हाला फार महाग पडला.