माळ्यावरचा संगणक, घरातला टीव्ही

माण गावात हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा राहिला, त्याच्या बरीच वर्षं आधी काही घरांत संगणक येऊन गेला होता. त्याला स्वतःचा पडदा मात्र नव्हता. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ काढला आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला. आज इथल्या सदनिकांत राहणाऱ्या एखाद्या अभियंत्याच्या आईवडिलांकडे तो माळ्यावर पडलेला असू शकतो. भंगारात देण्याआधी एकदा टीव्हीला लावून बघा.

पण मंडळी, आधी विजेचं बघा. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो धन असतो. पिन बसते म्हणून तसाच लावला, तर वीजपुरवठ्याचा भाग जळतो, कधी मेमरीच्या चिपाही जातात. चाळीस वर्षं टिकलेलं यंत्र एका क्षणात संपतं. म्हणून मीटरने तपासल्याशिवाय बटण दाबू नका.

आता जोडणी. संगणकाच्या आत मॉड्युलेटर नावाची पत्र्याची छोटी डबी असते. दूरदर्शनचं केंद्र जशा लहरींवर चित्र पाठवायचं, तशाच लहरीवर ती संगणकाचं चित्र बसवते आणि वायरीने अँटेनाच्या खाचेत सोडते. टीव्हीला वाटतं, आणखी एक केंद्र लागलं! हे ‘केंद्र’ यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर, साधारण ५९१ मेगाहर्ट्झला लागतं. आपल्याकडच्या त्या काळच्या अनेक संचांत फक्त व्हीएचएफची सोय होती, त्यामुळे ब्रिटनहून हौसेने आणलेला संगणक लावला तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायच्या. नशीब एवढंच, की ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे पाल पद्धत होती, सेकंदाला पन्नास वेळा रंगणारं चित्र. आवाजाच्या लहरीत फरक होता, पण स्पेक्ट्रमचा आवाज त्याच्या पोटातल्या स्पीकरमधूनच येतो.

आजच्या टीव्हीत आधी मेनूमध्ये ‘अ‍ॅनालॉग’ शोध आहे का ते पाहा. असेल तर हाताने, सावकाश चॅनेल शोधा. नसेल तर मॉड्युलेटरला वगळावं लागतं: त्यात शिरणारी चित्राची आणि पाच व्होल्टची तार सोडवून चित्राची तार कपॅसिटरमार्फत थेट बाहेरच्या खाचेला जोडायची. तिथून ती टीव्हीच्या पिवळ्या एव्ही खाचेत जाते. डाग देणाऱ्या अनुभवी कारागिराला हे काम अवघड नाही. तरीही काही सपाट टीव्ही चित्र नाकारतात किंवा ते थरथरतं. टीव्हीचं चित्र ६२५ रेषांचं, दोन हप्त्यांत विणलेलं. स्पेक्ट्रम दर वेळी त्याच ३१२ रेषा पाठवतो. नव्या संचाचा त्यात गोंधळ होतो. जुना काचेच्या नळीचा टीव्ही मात्र कुरकुर न करता हे चित्र दाखवतो. फक्त त्याचं मागचं झाकण उघडू नका. बंद केल्यावरही आत काही हजार व्होल्ट शिल्लक असू शकतात.

सारं जुळलं की फिकट पडद्याच्या तळाशी १९८२ साल आणि सिंक्लेअर रिसर्चचं नाव असलेली ओळ उमटते. मग ‘जे’ ही कळ दाबा. ‘लोड’ हा अख्खा शब्द आपोआप येतो. त्यापुढे दोन अवतरणचिन्हं टाकून एंटर दाबलं, की यंत्र कॅसेटची वाट पाहत बसतं. टेपरेकॉर्डर नसला तर त्याच्या ‘इअर’ खाचेत मोबाइलची वायर घाला आणि आवाज पूर्ण मोठा करा.