लाईन : शब्द एक, अर्थ अनेक

‘लाईन’ हा शब्द मुळात जवसाच्या शेतातला. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनुम’ म्हणत आणि त्याच्या सुताच्या दोऱ्याला ‘लिनेआ’. ‘लाईन’ हा शब्द आणि ‘लिनन’ हे कापडाचे नाव, दोन्ही याच मुळातून आले. दोरा ताणला की सरळ रेघ होते. त्यामुळे इंग्रजीत या शब्दाला दोरी, रेघ, ओळ, रांग, तार, मार्ग, धंदा असे अर्थ जडत गेले. गवंडी विटांचा थर सरळ यावा म्हणून लाईनदोरी ताणतो, तिच्यात हा मूळ अर्थ आजही टिकून आहे.

मराठीने मात्र हे अर्थ पारखून घेतले. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या शिवारात पेरणीच्या ओळीला ‘तास’च म्हणतात. वहीवर रेघ असते, कवितेची ओळ असते, तळहातावर रेषा असते. जुन्या गोष्टींना जुने शब्द पुरले. नव्या सोयी आल्या, त्यांच्याबरोबर ‘लाईन’ आली.

त्यात पहिला मान विजेचा. ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, म्हणून ‘दिवसाची लाईन’ आणि ‘रातची लाईन’ यांवर पाणी देण्याचे वेळापत्रक ठरते. विहिरीवरून शेतात नेलेली पाईपलाईन हीसुद्धा ‘लाईन’च. तरी घोटाळा होत नाही. लाईन फुटली तर पाण्याची, तुटली तर विजेची तार, गेली तर वीजपुरवठा, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. अर्थ ठरवण्याचे काम क्रियापद करते.

रेल्वेची लाईन टाकतात. पाथरी शहरात रेल्वे नाही. जवळची मानवत रोड आणि सेलू ही स्थानके निजामाच्या काळात टाकलेल्या मनमाड–सिकंदराबाद लाईनीवर आहेत. रेशन दुकानासमोर लाईन लागते, फोनचीही लाईन लागते. इथे क्रियापद एकच असल्याने संदर्भ पाहावा लागतो. छावणीतल्या तंबूंच्या किंवा बराकींच्या रांगांना इंग्रज ‘लाईन्स’ म्हणत. ‘पोलीस लाईन’ हे वसाहतीचे नाव त्याच वळणाचे. माणूस कोणत्या लाईनीत आहे, हा प्रश्न व्यवसायाचा असतो. बिघडलेल्या पोराला लाईनीवर आणणे म्हणजे शिस्त लावणे, आणि लाईन मारणे म्हणजे प्रेमासाठी मागे लागणे.

ओळ, रांग, रेघ, रेषा, तार हे सगळे मराठी शब्द स्त्रीलिंगी आहेत. त्यांच्या पंगतीत ‘लाईन’ही ‘ती’ झाली. पाथरीत मराठीबरोबर बोलल्या जाणाऱ्या उर्दूतही ती स्त्रीलिंगीच आहे. तिला ‘लाईनी’, ‘लाईनीत’, ‘लाईनीवर’ अशी मराठी रूपेही मिळाली. अलीकडे ‘ऑनलाईन करणे’ हा प्रयोग रूढ झाला आहे. फॉर्म ऑनलाईन भरतात, सातबारा ऑनलाईन काढतात.

लेखी मराठीत वीजपुरवठा, रांग, लोहमार्ग असे नेमके शब्द वापरले जातात. बोलण्यात ही सगळी कामे एकटी ‘लाईन’ करते, कारण सोबतचे क्रियापद आणि संदर्भ नेमकेपणा पुरवतात.