काळ्या पाषाणातील रान : बीरबल साहनी यांची जीवाश्मसाधना

आपल्याकडील जाते, पाटा, वरवंटा आणि जुन्या वाड्यांचे जोते बहुधा एकाच काळ्या पाषाणातून घडलेले असते. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा होय. तो एकाच वेळी वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या दरम्यान दीर्घ विसावा असे. त्या विसाव्यात थरांवर तळी साचत, काठावर ताडवृक्ष उगवत, पाण्यावर नेच्याच्या कुळातील इवल्या वनस्पती तरंगत. मग पुढचा लाव्हा येई आणि सारे झाकले जाई. नागपूरजवळच्या टाकळीत आणि छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ येथे या तळ्यांचा गाळ आजही दगडरूपाने सापडतो. तो वाचण्याची विद्या भारतात रुजविणारे शास्त्रज्ञ म्हणजे प्रा. बीरबल साहनी.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या भेरा या गावी झाला. वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लाहोरचे शिक्षण संपवून बीरबल केंब्रिजला गेले व तेथे प्रा. सीवर्ड यांच्या हाताखाली जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासात रमले. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९२१ पासून अखेरपर्यंत लखनौ विद्यापीठात राहिले. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

या विद्येचे मर्म थोडक्यात असे. गाळात बुडालेल्या लाकडात विरघळलेली सिलिका झिरपते व पेशीपेशीत साचून कठीण होते. लाकूड दगड होते, पण पेशींची मांडणी शाबूत राहते. अशा दगडाची चकती कापून ती कुरुंदाच्या पुडीने घाशीत जायचे. कागदाहून पातळ झाली की तिच्यातून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खोडाचा छेद दिसू लागतो. एक घासणी अधिक झाली तर नमुना कायमचा गेला! हे काम घाईच्या माणसाचे नव्हे.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. संपूर्ण झाड क्वचितच सापडते; खोड एकीकडे, पान दुसरीकडे, फळ तिसरीकडे, आणि प्रत्येकाला वेगळे नाव मिळते. राजमहालच्या टेकड्यांतील निपानिया गावच्या दगडांत असेच तुकडे विखुरले होते. पाच पाचरींसारखे काष्ठ असलेले खोड, म्हणून त्याचे नाव पेंटॉक्सिलॉन. त्या खोडाची, पानांची आणि फळांची अंतर्रचना ताडून पाहत साहनींनी १९४८ मध्ये दाखविले की हे एकाच वनस्पतिगटाचे अवयव असून तो गट जगाला अपरिचित आहे.

दख्खनच्या लाव्ह्याचे वयही त्यांनी वनस्पतींवरूनच ठरवू पाहिले. ताडांची विपुलता पाहून त्यांनी ते थर डायनोसॉरांच्या युगानंतरचे मानले. पुढे किरणोत्सारी मापनाने हे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे, म्हणजे नेमके दोन युगांच्या सीमेवरचे ठरले. येथे ते सत्याच्या बरेच जवळ होते.

सॉल्ट रेंजच्या मिठाविषयी मात्र तसे झाले नाही. भेऱ्यापासून फार दूर नसलेली ही डोंगररांग. तेथील मिठात त्यांना लाकडाचे सूक्ष्म कण आढळले आणि हे मीठ पुष्कळ अलीकडचे आहे, असा पक्ष त्यांनी वर्षानुवर्षे हिरिरीने मांडला. पुढील संशोधनाने मीठ अतिप्राचीनच ठरले. ते कण मागाहून शिरले असावेत. गौरवग्रंथांत हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण पुरावे त्यांनी इतक्या उघडपणे मांडले होते की इतरांना ते तपासता आले.

१९४६ मध्ये लखनौला पुरावनस्पतिशास्त्राची संस्था सुरू झाली. साहनी व त्यांच्या पत्नी सावित्री यांनी स्वतःची मालमत्ता, ग्रंथ आणि जीवाश्मसंग्रह तिला अर्पण केला. नव्या इमारतीची कोनशिला देशोदेशींचे जीवाश्म बसवून घडविली होती. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसविली गेली. अवघ्या आठवड्याने, १० एप्रिलला, हृदयविकाराने साहनींचे निधन झाले. इमारतीची वीटही रचली गेली नव्हती. सावित्रीबाईंनी संस्थेची धुरा उचलली आणि १९५३ च्या आरंभी नेहरूंच्याच हस्ते ती वास्तू राष्ट्राला अर्पण झाली.