ल्वारच्या काठाने, केळव्याच्या वाटेने

जून १९३६. फ्रान्समध्ये लेओं ब्लूम यांचे सरकार नुकतेच आले होते आणि देशभर संप पेटले होते. या सरकारने कायदा केला की प्रत्येक कामगाराला वर्षातून पंधरा दिवस भरपगारी रजा मिळेल. त्याच उन्हाळ्यात पॅरिसच्या कारखान्यांतली माणसे शहराबाहेर पडली. कुणी सवलतीच्या तिकिटावर रेल्वेने गेले, कुणी सायकलवर. जोडपी टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून पॅडल मारायच्या लांब सायकलीवर बसून निघाली. त्यांतल्या कितीतरी जणांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

आज फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून आठ दिवस सायकलने फिरायचे म्हटले की ती आपल्याला पैसेवाल्यांची हौस वाटते. पण ही सुट्टी मोठी झाली ती कामगाराच्या सायकलीवर. ही गोष्ट पालघर जिल्ह्यातल्या बोईसरमध्ये सांगायलाच हवी. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी बदलते तेव्हा रस्त्यावर सायकलींची रांग लागते. मजबूत दांडीची काळी सायकल, कॅरियरला दोरीने आवळलेला डबा, सीटवर पावसासाठी चढवलेली प्लॅस्टिकची पिशवी. इथे सायकल रोज चालते, पण ती कारखान्यापासून खोलीपर्यंत. पश्चिमेला काही किलोमीटरवर समुद्र आहे, वाड्या आहेत, किल्ले आहेत. तिकडे ती क्वचितच वळते.

फ्रान्समधली ही सहल चालते कशी? दिवसाला चाळीस ते साठ किलोमीटर, तेही रमतगमत. सकाळी पाहुण्यांच्या बॅगा गाडीत चढतात आणि संध्याकाळच्या मुक्कामी खोलीत येऊन पडतात. सायकलस्वाराजवळ पाण्याची बाटली आणि अंगावरचे जाकीट, एवढेच. मोठ्या गटाबरोबर बहुधा दोन वाटाडे असतात. एक सायकलवर सोबत असतो, दुसरा गाडी घेऊन मागेपुढे. पंक्चर झाले तर तो ट्यूब बदलतो, कुणी दमले तर गाडीत घेतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी बॅटरीची सायकल मिळते. मुक्काम पुष्कळदा गावातल्या घरातच असतो. घरमालकीण स्वतः न्याहारी वाढते आणि मुरंब्याची फळे कुठल्या झाडाची तेही सांगते.

वाटाड्याचे खरे काम मात्र रस्ता दाखवण्याचे नसते, रस्ता फोनही दाखवतो. फ्रान्सच्या खेड्यात दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळात मिळते. नंतर स्वयंपाकघर बंद झाले की परका माणूस उपाशी राहतो. सोमवारी अनेक दुकाने बंद असतात. कुठल्या गावी बरोबर किती वाजता पोचायचे, कुठली बेकरी उघडी असेल, कुठला शेतकरी आपले चीज चाखायला देईल, हे ज्याला ठाऊक तो वाटाडा. कुठे थांबायचे, हे त्याच्याकडून शिकायचे.

रस्ते आपोआप मिळालेले नाहीत, ते केलेले आहेत. बर्गंडीत जिव्री ते क्लुनी ही रेल्वे बंद पडली होती. तिचे रूळ काढून १९९७ साली तिथे सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी वाट खुली झाली. फ्रान्समधली ही अशी पहिली ‘हिरवी वाट’. जुन्या कालव्यांच्या काठांवर एके काळी घोडे मालाच्या होड्या ओढत नेत. त्या पायवाटाही आता सायकलींच्या झाल्या. ल्वार नदीच्या काठचा मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे. शांबोरसारखे राजवाडे, द्राक्षमळे आणि छोटी बंदरे यांना जोडत तो अटलांटिकपर्यंत जातो. या मार्गांवर सायकलस्वारांचे स्वागत करणाऱ्या मुक्कामांना एक खूणपाटी मिळते, पण त्यासाठी अटी आहेत: जागा मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत हवी, सायकल ठेवायला कुलपाची जागा हवी, दुरुस्तीची हत्यारे हवीत. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवावे, असा तिथला कायदा आहे.

अशा रमतगमत सायकलप्रवासामागे एका माणसाची शिकवणही आहे. सेंट एतिएनच्या पॉल द व्हिव्ही यांनी १८८७ मध्ये सायकलवरचे मासिक काढले. ‘व्हेलोसियो’ या नावाने ते लिहीत. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी पाणी प्या आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी पॅडल मारू नका, असा त्यांचा सायकलप्रवाशांना सल्ला होता.

महाराष्ट्राने फ्रेंच सायकलकडून आतापर्यंत घेतले ते दुसरेच, दमसासाचे अंग. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची १,२०० किलोमीटरची चाल १८९१ पासूनची. हल्ली ती चार वर्षांतून एकदा होते आणि ९० तासांत पुरी करावी लागते. तिच्या पात्रतेसाठीच्या ‘ब्रेव्हे’, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या सायकलफेऱ्या, आता मुंबई, पुणे, नाशिककडे नित्याच्या झाल्या आहेत. उदाहरणार्थ, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पार करायचे. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत जोडीने पूर्ण केली. हा पराक्रम मोठाच आहे. पण घड्याळ न बघता, आई-वडील आणि मुलांना घेऊन, दिवसात चार ठिकाणी थांबत केलेला सायकलप्रवास आपल्याकडे अजून रुळलेला नाही. त्यासाठी पालघरच्या किनाऱ्याइतकी सोयीची जागा मुंबईजवळ दुसरी नाही.

केळवे रोड स्टेशनावरून सुरुवात करावी. केळव्याला सुरूच्या झाडांची किनार असलेला समुद्र आहे, शितलादेवीचे देऊळ आहे आणि वाळूत गाडला गेलेला व लोकांनी श्रमदानाने मोकळा केलेला छोटा भुईकोटही आहे. पण सायकलवरून बघावी ती वाडी. केळवे-माहीमच्या वाड्यांतून जाणारे अरुंद रस्ते नारळी-पोफळींच्या सावलीत असतात. नागवेलीच्या मळ्यात आत डोकावले तर हवेचा गारवा लगेच जाणवतो. मांडवाखाली बसून बायका पाने निवडत असतात. डाग पडलेले पान एका हाताने बाजूला जाते, चांगल्यांचे थर लागतात, तोंडाने मोजणी चालूच असते. मोटारीतून जाणाऱ्याला या ठिकाणी फक्त कुंपण दिसते. थंडीच्या दिवसांत एखाद्या वाडवळ घरी उकडहंडीचे जेवण मिळाले तर पुढचे वीस किलोमीटर जड जातील, तेव्हा वाटाड्याने जेवणानंतरचा पल्ला छोटा ठेवावा.

माहीमनंतर शिरगावचा किल्ला, मग सातपाटी. सातपाटीचे पापलेट सगळ्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये तर पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. पापलेटची कोवळी पिल्ले मारू नयेत म्हणून इथले मच्छीमार आग्रह धरत आले आहेत, हे मात्र बाहेर फारसे माहीत नाही. होड्या लागतात त्या वेळी बंदरावर तासभर थांबावे, म्हणजे हा प्रश्न कुठल्याही व्याख्यानाशिवाय कळतो. टोपलीत एकीकडे ताटाएवढे पापलेट आणि दुसरीकडे तळहातात मावणारे.

पालघर शहरात हुतात्मा स्तंभापाशी सायकल उभी करावीच. १४ ऑगस्ट १९४२ रोजी या किनाऱ्यावरच्या गावांतून लोक मोर्चा घेऊन पालघरला आले. गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. ज्या रस्त्यांवरून आज आपण मजेने सायकल चालवतो, त्याच रस्त्यांनी ते आले होते, हे वाटाड्याने सांगितले पाहिजे.

सातपाटीला परतले की उत्तरेला मुरबे समोर दिसते, पण मध्ये खाडी आहे. फ्रान्समध्ये अशा ठिकाणी सायकली होडीत चढवतात आणि तो सहलीतला आवडता भाग होतो. इथेही खाडी ओलांडायला होडी आहेच. पुढे नांदगाव, नवापूर. नवापूरजवळ औद्योगिक वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी समुद्रात जाते आणि वाऱ्याची दिशा तशी असेल तर वासावरून रसायनांची ओळख पटते. हा भाग सहलीतून वगळू नये. मच्छीमारांच्या तक्रारी, कारखान्यांवरचा रोजगार, दोन्ही या पट्ट्याचे वास्तव आहे, आणि पाहुण्याला नुसती सुंदर बाजू दाखवणारा वाटाडा अर्धेच काम करतो.

तारापूरच्या अणुवीज केंद्रापाशी किनारा सोडून आत वळावे लागते. २८ ऑक्टोबर १९६९ पासून इथे व्यापारी तत्त्वावर वीज तयार होऊ लागली. भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तारापूर गावातला किल्ला त्याहून जुन्या लढाईचा साक्षी आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, पण त्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले.

खाडीपलीकडे चिंचणी. इथे, आणि आसपासच्या गावांत, घराच्या पडवीत बसून सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरले जातात. ‘डाय’ करणारा कारागीर पोलादाच्या ठोकळ्यावर भिंग लावून नक्षी उतरवतो. फूल, पान, मोराचा पिसारा, सारे उलटे आणि आत खोल. त्या ठोकळ्यात पत्रा दाबला की उठावदार दागिना बाहेर येतो. देशभरच्या सराफांकडे जाणारी ही कला एवढ्या शांत गल्लीत चालते, हे बघायला थांबणारा प्रवासी आज जवळपास नाही. ल्वारकाठी अशा कारागिराच्या दारावर पाटी असती, भेटीची वेळ असती आणि भेटीचे पैसेही त्याला मिळाले असते.

पुढे वरोर, वाढवण, डहाणू आणि तिथून बोर्डीपर्यंतचे सतराएक किलोमीटर. हा संपूर्ण पट्ट्यातला सगळ्यात सोपा आणि सुंदर तुकडा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला चिकूच्या बागा. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बांबूच्या टोकाला जाळी बांधून फळे उतरवायची, मग धुऊन प्रतवारी करायची, हे काम हंगामात रस्त्यावरूनही दिसते. बोर्डीलाच ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते वाढवले. ती चढण फार नाही, पण दुपारी करू नये.

ज्याला एक दिवस जास्त काढता येईल त्याने डहाणूहून आत गंजाडकडे वळावे. जिव्या सोमा मशे यांचे हे गाव. त्यांची वारली चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या ‘माजिसियां द ला तेर’ या प्रदर्शनात लागली होती. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पॅरिसच्या प्रेक्षकांनी गंजाडची भातशेती आणि तारपा चित्रात पाहिला. मुंबईच्या माणसाला तो तीन तासांच्या अंतरावर प्रत्यक्ष बघता येतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. सकाळी वारा मंद असतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि उत्तरेकडे जाणाऱ्याला तो सोसावा लागतो. म्हणून दिवसाचा मोठा पल्ला अकराच्या आत संपवावा. बोईसर-चिंचणी रस्त्यावर टँकर आणि कंपन्यांच्या बसगाड्या असतात. तिथे मुलांना सायकलवर न नेता गाडीने पुढे न्यावे. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, पण गर्दीच्या वेळी सायकल चढवणे अशक्यच आहे. फ्रान्सच्या प्रादेशिक गाड्यांत सायकल टांगायला हूक असतात. तसे इथे होईपर्यंत सायकली गावातच भाड्याने मिळाल्या तर उत्तम.

त्या कोणी द्याव्यात? राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि या पट्ट्यातल्या अनेक वाड्यांत पाहुणे राहतातच. केळव्याची वाडी, सातपाटीची सहकारी संस्था, चिंचणीचा कारागीर आणि बोर्डीचा बागायतदार यांना जोडणारा दुवा फक्त नाही. तो दुवा मुंबईच्या कंपनीने होऊ नये. मांगेली, वाडवळी किंवा वारली घरात बोलणारी, गावच्या वाटा पाठ असलेली इथली मुले-मुलीच वाटाडे व्हायला हवीत. पंक्चर काढणे, प्रथमोपचार आणि थोडे इंग्रजी शिकवता येईल. भरतीची वेळ आणि कुणाच्या घरी आज काय शिजते आहे, हे बाहेरून येणाऱ्याला शिकवता येत नाही.

यात घाई करण्याचे एक कारण आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प आहे आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. बंदर म्हटले की कंटेनरचे रस्ते आले. १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, तेव्हा ज्या बागा आणि कांदळवने वाचवायची होती, त्यांच्याच शेजारून ही वाहतूक वाहील. गावांना जोडणारा जुना किनारी रस्ता अवजड वाहनांसाठी बंद ठेवणे आणि नव्या रस्त्याच्या कडेला सायकलींची वेगळी पट्टी आखणे हे नकाशावर असतानाच होऊ शकते. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. वरोर, चिंचणी, नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डीच्या ग्रामसभांनी रस्त्याच्या या दोन्ही मागण्यांचा ठराव येत्या हिवाळ्याआधी मांडावा.