पाणी किती आहे?

जुलै महिन्यात करी रोडला गाडीतून उतरणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, “हिंदमाताला पाणी किती?” उत्तर फुटांत मिळत नाही. “फूटपाथ बुडाला”, “टॅक्सीचे चाक अर्धे गेले” असे मिळते. एक ठरलेली खूण आणि मागचा अनुभव, एवढ्यावर आपण पुढे जायचे की थांबायचे हे ठरवतो. खळाळत्या नदीत कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, घालणाऱ्यांचे शास्त्रही याहून फार निराळे नाही.

आपल्याला जवळची अशी नदी म्हणजे कोलाडची कुंडलिका. मुळशी धरणात अडवलेले मुळेचे पाणी एरवी भीमेला मिळून पूर्वेकडे गेले असते. ते सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात आणतात आणि वीज निर्माण झाल्यावर कुंडलिकेत सोडतात. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. गिरणगावाला वीज पुरवणाऱ्या टाटांच्या योजनांपैकीच ही एक. तिच्यासाठी जमिनी गमावणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली मुळशी सत्याग्रह केला होता. त्यामुळे भर उन्हाळ्यात, निरभ्र आकाशाखालीही कुंडलिका चढते. येथे ढगांकडे पाहून भागत नाही. पाणी केव्हा सुटणार हे आधी विचारावे लागते.

मग काठावर उभे राहून पाहावे. पाण्याच्या वर खडकावर ओला पट्टा दिसला, तर नदी उतरते आहे. काडीकचरा वाहू लागला, पाणी गढूळ झाले, तर ती चढते आहे. काठाशी एक काडी रोवून दहा मिनिटे थांबले, तरी कळते. मोजपट्टीवरचा आकडा मात्र त्या जागेपुरताच खरा. एका नदीचे ‘तीन फूट’ दुसरीला लागू पडत नाहीत. शिवाय पाणी वाढले की काही खडक बुडून वाट सोपी होते, तर काही ठिकाणी माणसाला धरून ठेवणारे भोवरे तयार होतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणीही म्हणूनच माणसाला पाडते.

मित्रहो, वल्हे मारणे शिकता येते. पण मित्रांसमोर “आज पाणी जास्त आहे, मी उतरत नाही” असे म्हणणे अधिक अवघड. पातळी ओळखायची ती त्यासाठीच.