फोनच्या काचेतली दाटीवाटी

आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना फोन हातातून सटकला, तरी काच शाबूत! तुम्हीही अनुभवलं असेल. याचं श्रेय आवर्तसारणीतल्या पहिल्या स्तंभाला द्या.

सारणीच्या ओळीत उजवीकडे जाताना केंद्रकाची ओढ वाढते, म्हणून अणू लहान होतो. स्तंभात खाली मात्र इलेक्ट्रॉनचं एकेक कवच वाढतं आणि अणू मोठा होतो. आयनांचंही तसंच: सोडियम आयनाची त्रिज्या सुमारे १०२ पिकोमीटर, त्याखालच्या पोटॅशियमची १३८.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीची गोरिला ग्लास सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. पृष्ठभागातले सोडियम आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी थोराड पोटॅशियम घुसतात. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसावा तशी दाटी होते. हा दाब तड्याला पसरू देत नाही.

पण हा थर पातळ असतो. खोल ओरखडा पडला असेल, तर फोन जपा.