प्रयोगाची वही आणि मुलांचे स्वतंत्र लेखन

१९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील सोळा मिडल स्कूलमध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकविण्याचा एक वेगळा उपक्रम हाती घेतला. सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या गटांत बसून स्वतः प्रयोग करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात तयार व्याख्या नव्हत्या; कृती होत्या आणि प्रश्न होते. जे दिसले ते मुलाने आपल्या वहीत, आपल्या शब्दांत लिहावयाचे. परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. १९८२ पासून एकलव्य संस्थेने ही जबाबदारी सांभाळली आणि २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला.

या उपक्रमाची चर्चा बहुधा विज्ञानशिक्षणाच्या अंगानेच होते. त्याच्या भाषिक बाजूकडे मात्र भाषेच्या अध्यापकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मुले ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्रे लिहून मनातले प्रश्न विचारीत. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘चकमक’ मासिकात मुलांच्या स्वतःच्या लेखनासाठी व चित्रांसाठी ‘मेरा पन्ना’ हे सदर ठेवले गेले. प्रश्न विचारणे, नोंद करणे आणि गोष्ट रचणे या तीन गोष्टी एकाच मुलाच्या हातून होतात, ही जाण त्यामागे दिसते.

आपल्याकडील वर्गांत मात्र चित्र निराळे आहे. ‘बीजाचे आत्मवृत्त’ हा निबंध मराठीच्या तासाला सांगितला जातो आणि बीजांकुरण विज्ञानाच्या तासाला. दोन्ही तासांना बी कोणी पाहिलेले नसते. साहजिकच निबंधातले बी डोळे चोळत जागे होते, मातीतून डोके वर काढते आणि सूर्यनारायणाला नमस्कार करते. चाळीस वह्यांत हेच बी, हाच सूर्य! गाईडमधले वाक्य मुलाने उतरविले म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे दुसरे काही नसतेच.

आता हेच बी प्रत्यक्ष पाहू. काचेचा पेला, आत ओला टीपकागद, कागद आणि काच यांच्यामध्ये भिजवलेले चवळीचे चार-पाच दाणे. पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, डोके नव्हे, मूळ आधी बाहेर पडते. दाणा उलटा ठेवला तरी ते वळून खालीच जाते. मग मातीच्या दोन डब्यांत, एकात चवळी आणि दुसऱ्यात हरभरा पेरावा. चवळीचा कोंब कमरेत वाकून बाहेर येतो आणि दोन्ही बीजपत्रे आपल्यामागे ओढून आणतो. हरभऱ्याची बीजपत्रे मातीतच राहतात. फक्त कोवळा शेंडा वर येतो. म्हणजे एक बी घरातले सगळे सामान पाठीवर घेऊन निघते आणि दुसरे ते घरीच ठेवून. दोघांचे आत्मवृत्त एक कसे असेल? एखादा दाणा कुजतो. त्याचीही गोष्ट आहे, आणि अनुभव असा की, मुलांना ती अधिक लिहावीशी वाटते. मात्र ‘सर्व बिया उगवल्या’ असेच शिक्षकांना हवे आहे, अशी शंका आली की कुजलेला दाणा वहीतून गुपचूप नाहीसा होतो. तेथे विज्ञानही बुडते आणि साहित्यही.

उर्दू माध्यमाच्या शाळांच्या दृष्टीने या पद्धतीचे आणखी एक महत्त्व आहे. मूल घरी दखनी बोलते, शाळेत उर्दू लिहिते, बाजारात मराठी किंवा कन्नड ऐकते. पुस्तकी निबंधात यांपैकी एकच भाषा चालते. हातात वस्तू आली की मात्र घरचे शब्द आपोआप बाहेर येतात. उसाच्या कांडीवरील कळीला मराठी शेतकरी ‘डोळा’ म्हणतो, उर्दूतही तिला ‘आँख’च म्हणतात. मातीत पुरलेली कांडी डोळा उघडते, ही कल्पना मुलाला दोन्ही भाषांनी फुकट दिलेली आहे; ती कांडी त्याच्या हाती देण्याचे तेवढे बाकी असते. अशा लेखनात घरचा शब्द आला तर त्यावर लाल शाई फिरवू नये. प्रमाण शब्द शेजारी लिहून दाखवावा, तेवढे पुरे.

नोंद आणि कल्पना यांची सरमिसळ होईल, ही विज्ञानशिक्षकांची भीती खोटी नाही. त्यावर उपाय क्रमाचा आहे. वहीच्या एका पानावर तारीख, लांबी, रंग आणि काय दिसले एवढेच. आठवडा उलटल्यावर समोरच्या पानावर गोष्ट, पत्र, कविता, जे सुचेल ते. बीने बोलावे, रुसावे, शेजारच्या दाण्याशी भांडावे. परंतु हरभऱ्याच्या मुलाने बीजपत्रे मातीबाहेर आणली, तर ‘तू तसे पाहिलेस का?’ असे विचारून त्याला डाव्या पानाकडे वळवावे. कित्येकदा खरी हकीकतच रचलेल्या हकीकतीपेक्षा नवलाची निघते. शुद्धलेखनाची तपासणी दुसऱ्या वाचनात करावी, पहिल्या नव्हे.

अध्यापक विद्यालयांत पाठ टाचणे विषयवार वेगळी काढली जातात. भाषेच्या आणि विज्ञानाच्या छात्राध्यापकांनी जोडीने एकच टाचण काढण्यास हरकत नसावी. दोन तासिका, मूठभर चवळी-हरभरा आणि आठ दिवसांचा धीर एवढेच त्याला लागते.